पायाखालचा आहेर

कलावंताला काय द्यायचं, हा प्रश्न महाराष्ट्राने कधीच निकालात काढलेला आहे. शाल आणि श्रीफळ. गवई असो, तबलजी असो, कीर्तनकार असो, नाहीतर गणेशोत्सवात दोन गाणी म्हणून टाकलेला सोसायटीचा सेक्रेटरी असो. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला की दोन्ही पक्ष मोकळे. शाल आखूड पडली अशी तक्रार कुणी करत नाही आणि नारळ चुकीच्या व्होल्टेजचा निघत नाही. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या माणसाला मात्र शाल चालत नाही. त्याला पेडल लागतं.

ही विद्या मला भाच्याच्या लग्नामुळे प्राप्त झाली. केळवणाला त्याला काय द्यायचं हा विषय घरात निघाला. मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "काही नको रे मामा." हे वाक्य खरं मानून गप्प बसलेला मामा महाराष्ट्रात अजून जन्माला यायचा आहे. शेवटी त्याच्या होणाऱ्या बायकोने मला बाजूला घेतलं.

"मामा, त्याला ना, एक पेडल हवंय. पण मी सांगितलं असं सांगू नका हं."

"कुठलं?"

"हिरवं. की हिरवं आहे आणि दुसरं हवंय? असं काहीतरी म्हणत होता."

एवढ्या भक्कम पुराव्यावर मी कामाला लागलो.

ज्यांच्या घरात अजून कुणी गिटार आणलेलं नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. पेडल म्हणजे मुठीत जेमतेम मावेल अशी धातूची डबी. गिटार आणि स्पीकर यांच्या मधल्या वायरीत ती जोडतात आणि जमिनीवर ठेवतात. वर दोन-तीन कान पिळायची बटणं, एक दिवा आणि पायाने दाबायची कळ. कळ दाबली की दिवा लागतो आणि आवाज बदलतो. दिवा लागतो एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

पाहणी करायला मी ताईकडे गेलो. भाच्याच्या खोलीत एका फळीवर अशा डब्या ओळीने चिकटवलेल्या होत्या. हिरवी, नारिंगी, पिवळी, काळी. त्यांच्यामधून आखूड वायरींचं असं जंजाळ गेलेलं होतं की ताई त्या कोपऱ्यात केर काढत नाही, नुसती नमस्कार करून पुढे जाते.

"ऐक हं मामा," भाचा म्हणाला. "हे बंद." ट्यँव. "आणि हे चालू." ट्यँव. "कळला फरक?"

"जमीन-अस्मान!" मी म्हणालो.

संगीताच्या बाबतीत मी हे धोरण पहिल्यापासून ठेवलेलं आहे. सवाई गंधर्व महोत्सवातही मी शेजारच्याची मान हलली की माझी हलवतो. त्यामुळे जाणकार म्हणून माझी बऱ्यापैकी ख्याती आहे. ताई मात्र स्वयंपाकघरातून ओरडली, "मला दोन्ही वेळा सारखंच ऐकू आलं!" अशी खरं बोलणारी माणसं घरात असली की कला वाढत नाही.

मग त्याने क्रम समजावला. या डब्या कशाही जोडून चालत नाहीत. आधी वाह, मग फझ, मग ओव्हरड्राइव्ह, मग कोरस आणि सगळ्यात शेवटी डिले आणि रिव्हर्ब. डिले आधी आणि फझ नंतर लावला तर प्रतिध्वनीसुद्धा फाटतात आणि सगळ्याचा लगदा होतो. मी गंभीर चेहऱ्याने ऐकत होतो. आमची ही म्हणाली, "म्हणजे फोडणीच की. मोहरी तडतडायच्या आधी हळद घातली तर करपणारच." भाच्याने मामीकडे ज्या आदराने पाहिलं, तसं माझ्याकडे अजून एकदाही पाहिलेलं नाही.

माझं आयुष्य वीजबिलांच्या हिशेबात गेलं. पैसे टाकण्याआधी माल काय आहे हे समजून घ्यायची खोड आहे. म्हणून मी अभ्यासाला बसलो आणि पहिल्याच पानावर थक्क झालो. हा सगळा धंदा एका बिघाडातून उभा राहिला आहे. 1961 साली अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावात मार्टी रॉबिन्स नावाच्या गायकाचं 'डोन्ट वरी' हे गाणं बाजारात आलं. ते ध्वनिमुद्रित करताना मिक्सरचा एक भाग नादुरुस्त होता आणि ग्रेडी मार्टिन या वादकाचा बेसचा तुकडा त्यातून घरघरत, फाटत बाहेर पडला. आपल्याकडे असतं तर मेकॅनिकला बोलावून आधी झापलं असतं. त्यांनी तो आवाज तसाच ठेवला आणि लोकांना आवडला! मग ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारी डबी तयार केली आणि गिब्सन कंपनीने ती 1962 साली 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने विकायला काढली. या डबीने गिटारातून ट्रंपेट आणि चेलोसुद्धा निघतील अशी त्यांची जाहिरात होती. लोक फसले नाहीत. पुढे 1965 साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ती वाजली आणि दुकानांतला साठा संपला.

त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे 1964 साली, इंग्लंडात किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला होता. आवाज हवा तसा फाटला आणि त्या पोराचं इतिहासात नाव झालं. आमच्या घरी वडिलांच्या मर्फी रेडिओवर मी दाढीचं ब्लेड चालवलं असतं तर माझंही झालं असतं, पण ते फोटोखाली. आणि फाटक्या आवाजाचंच म्हणाल, तर आमच्या पेठेतल्या मंडळाचा कर्णा "भाविकांनी कृपया रांगेत यावे" हे माझ्या लहानपणापासून याच आवाजात सांगतो आहे. त्याला डबीत भरून विकावं हे आपल्या एकाही कार्यकर्त्याला सुचलं नाही.

वाह पेडलची कुळकथा वाचून मात्र जीव जरा सुखावला. ते 1966 साली कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट या इंजिनियरच्या हातून जन्माला आलं आणि त्याने आपलं सर्किट बसवलं ते ऑर्गनच्या आवाज कमी-जास्त करायच्या पेडलमध्ये. ऑर्गन म्हटल्यावर मराठी माणूस सरसावून बसणारच. बालगंधर्वांच्या नाटकांना ऑर्गनची साथ असायची. वाजवणाऱ्याचे हात सुरांवर आणि पाय भात्यावर. संगीतात पाय घालायची परंपरा आपली जुनी आहे, हे मी भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, हे काहीतरी वेगळं आहे." तरुण पिढीला परंपरेचा धागा जोडून दिला की ती आधी झटकते.

एवढी तयारी करून मी वाद्यांच्या दुकानात गेलो. पुढच्या भागात पेट्या, तबले, तंबोरे आणि माझ्या वयाची माणसं. काचेच्या दारापलीकडे गिटारी आणि मानेपर्यंत केस वाढवलेला एक विक्रेता.

"काका, हार्मोनियम बाहेर आहे."

"मला पेडल हवंय."

त्याच्या चेहऱ्यावर एकदम दया आली. "गिफ्टला का? काय वाजवतात ते?"

"गिटार."

"नाही, म्हणजे ब्लूज, मेटल, शूगेझ?"

"शूगेझ काय असतं?"

"त्यात पेडल्स खूप लागतात. वाजवणारा सारखा खाली मान घालून असतो."

"हां, मग तेच. तो लहानपणापासून तसाच आहे."

त्याने पेडलं मांडायला सुरुवात केली. नावं ऐकून मला घाम फुटला. एक किंचाळणारं, एक रडणारं, एकाचं नाव चक्क 'रॅट'. मिशिगन राज्यातल्या कलमाझू गावचं हे काळं पेडल नामवंत आहे म्हणे, आणि त्याचं फिल्टरचं बटण जगाच्या उलट चालतं. उजवीकडे फिरवावं तसा आवाज बोथट होतो. मी हिला तिथूनच फोन लावला.

"उंदीर? लग्नघरात?"

"अगं, गणपतीचं वाहन आहे."

"मग गणपतीच घ्या. पुढचं घ्या दुसरं."

दुसरं होतं जर्मेनियम फझ. जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरचं. विक्रेता त्याच्याबद्दल हळवा होऊन बोलत होता. मध, लोणी, उबदार असे शब्द येत होते. मध्येच थांबून त्याने विचारलं, "वाजवणार कुठे आहेत? कारण जर्मेनियम तापमानाला फार नाजूक. उकाडा वाढला की आवाज बिघडतो."

"सासुरवाडी नागपूरची आहे," मी म्हणालो.

त्याने एक शब्दही न बोलता ते पेडल परत कपाटात ठेवलं.

मग बायपासचं प्रकरण निघालं. पेडल बंद असताना गिटारचा आवाज त्याच्यातून अजिबात न बदलता पार व्हावा, ही 'ट्रू बायपास' पंथाची श्रद्धा. दुसरा पंथ 'बफर'वाल्यांचा. त्यांचं म्हणणं, लांबलचक वायरीतून जाता जाता आवाजाची धार जाते, म्हणून डबी बंद असतानाही तिने आवाजाला थोडा टेकू द्यावा. या वादात वर्षानुवर्षं मैत्र्या तुटलेल्या आहेत. मला त्यातलं एवढंच कळलं की पहिल्या पंथाची माणसं बंद पडलेल्या डबीने काहीही करू नये यासाठी जास्तीचे पैसे मोजतात.

"आणि हे बघा," विक्रेता म्हणाला, "हे ट्रान्स्परंट ओव्हरड्राइव्ह आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे चालू केलं तरी मूळ टोन तसाच राहतो. चालू आहे हे जाणवता कामा नये."

"बंद असताना?"

"ट्रू बायपास. तेव्हा तर काहीच जाणवत नाही."

"आणि किंमत?"

किंमत जाणवली.

या पारदर्शक जातीचा मूळपुरुष म्हणजे क्लॉन सेंटॉर. मॅसॅच्युसेट्समधल्या बिल फिनेगन यांनी ते 1994 साली विकायला आणलं आणि बरीच वर्षं स्वतः हाताने बनवून विकलं. नग काही हजारच निघाले. कुणी नक्कल करू नये म्हणून आतल्या सर्किटवर त्यांनी डांबरासारखा घट्ट लेप दिला होता. तो खरवडून लोकांनी नक्कल केलीच. आज त्या नकलांनी बाजार भरलेला आहे. आणि मूळ डबी हातोहात काही हजार डॉलरना, म्हणजे आपल्या काही लाखांना जाते. पुढे फिनेगन यांनी त्याच सर्किटची एक लहान आवृत्ती काढली, तेव्हा हा जो हास्यास्पद गाजावाजा चालला आहे तो मी केलेला नाही, अशा अर्थाची ओळच त्यांनी डबीवर छापून टाकली. गिऱ्हाइकांना ती ओळ इतकी आवडली की गाजावाजा वाढला.

शेवटी आमची स्वारी त्या हिरव्या डबीवर आली. आयबानेझची ट्यूब स्क्रीमर. टेक्ससचा स्टीव्ही रे वॉन ती वापरायचा, त्यामुळे जगातल्या यच्चयावत गिटारवाल्यांकडे ती असते किंवा तिच्याबद्दल मत असतं. तिच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांवरून भांडणं आहेत आणि भांडणाचं मूळ आतल्या एका आठ पायांच्या चिपमध्ये आहे. ती चिप वडापावपेक्षा स्वस्त मिळते. पण ती कुठल्या काळातली आहे यावर माणसं रात्र रात्र बोलतात.

"चालते कशावर?" मी विचारलं.

"नऊ व्होल्ट डीसी."

इतक्या वेळात प्रथमच ओळखीचा माणूस भेटल्यासारखं मला झालं. मी ताठ बसलो. "मग अ‍ॅडॉप्टर नको. आमच्याकडे जुन्या कॉर्डलेस फोनचा आहे. नऊ व्होल्टचाच."

त्याचा रंग उडाला. "सेंटर निगेटिव्ह आहे का तो?"

घरातल्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांच्या पिनेत मधोमध अधिक असतं. पेडलवाल्यांनी मात्र मधोमध उणे ठेवायचं ठरवलं आणि आता सगळ्या जगात तीच रीत आहे. उलटा लावला तर काय होतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काका, आधी वास येतो."

तोवर ही बातमी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पोचलेली होती, भाचा सोडून सगळ्यांना. न्यू जर्सीच्या साडूंनी कळवलं की तिकडे हे फार स्वस्त मिळतं, मी येईन तेव्हा आणतो. ते येणार होते लग्नानंतरच्या दिवाळीत. शेजारचे पेटीवादक काका म्हणाले, त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक तानपुरा द्या. तोही डबाच आहे, त्यालाही दिवा आहे, शिवाय पोरगा सुरात येईल. एका मामेभावाने नुसता अंगठा पाठवला. तो कशाला होता हे अजून ठरलेलं नाही.

कंटाळून मी भाच्यालाच दुकानात नेलं. सरळ त्याने निवडावं, मी पैसे द्यावेत. आत गेल्यावर तो आणि तो विक्रेता एकमेकांना नावाने हाक मारू लागले, तेव्हाच मला घड्याळाकडे बघायची इच्छा झाली. त्याने एक पेडल लावलं आणि एक तुकडा वाजवला. दुसरं लावलं, तोच तुकडा वाजवला. तिसऱ्याला तोच. दुपार उलटली तरी तो तुकडा पुढे सरकेना. मध्ये मध्ये दोघं डोळे मिटून "मिड्स जास्त आहेत" असं म्हणत. पलीकडे माझ्या वयाचा एक माणूस आला, पेटी निवडली, 'सा' लावून पाहिला, पैसे दिले आणि गेलासुद्धा.

संध्याकाळी भाच्याने गिटार खाली ठेवली आणि समाधानाने म्हणाला, "कसं आहे मामा, शेवटी टोन बोटांत असतो."

हे वाक्य प्रत्येक गिटारवाला म्हणतो. जितकी जास्त पेडलं, तितकं जास्त ठामपणे म्हणतो. बोटं जन्मतः फुकट मिळालेली असताना बाकीचं हे सगळं कशासाठी, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण केळवण तोंडावर होतं.

प्रश्न सोडवला तो ताईने. ती दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आली आणि विक्रेत्यासमोर उभी राहून म्हणाली, "आवाज बंद करायचं आहे का काही?"

"आहे ना," तो म्हणाला. "ट्यूनर पेडल. यावर पाय दिला की आवाज पूर्ण बंद. मग दिवे बघून शांतपणे तारा सुरात लावायच्या."

"पूर्ण बंद?"

"पूर्ण."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "हेच द्या," ती म्हणाली. "दोन असतील तर दोन द्या."

केळवणाच्या दिवशी पुरणपोळी झाल्यावर भाच्याने खोकं उघडलं. "अरे वा! ट्यूनर!" तो म्हणाला आणि वाकून नमस्कार केला. त्याच्या होणाऱ्या बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं. तिच्या नजरेतून मला समजलं की ट्यूनर त्याच्याकडे आहे. ती समजूतदार मुलगी आहे, काही बोलली नाही. नागपूरला तिच्या आईवडिलांना मात्र जावई मुळात सुरात नाही म्हणून मामाने यंत्र दिलं, असं काहीसं कळलं आहे.

लग्न लागलं, पूजा झाली आणि एके दिवशी भाच्याचा फोन आला. "मामा, रागावू नकोस हं. तो ट्यूनर मी एका मित्राला दिला, त्याच्याकडून डिले घेतला. वर थोडे पैसे भरले." मी विचारलं, त्या मित्राकडे तो डिले कुठून आला? तर त्याने तो तिसऱ्याकडून फझ देऊन घेतलेला. त्या तिसऱ्याला फझ पचेना, म्हणून तो आता ओव्हरड्राइव्ह शोधतो आहे. म्हणजे शहरातली सगळी पेडलं सारखी या घरातून त्या घरात फिरत असतात, आणि नवं लागतं ते केवळ अशा केळवणांपुरतं.

हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या कपाटात एक लेमन सेट आहे. तो आम्हाला कुणीतरी दिला, आम्ही तो एकदा वास्तुशांतीला दुसऱ्यांना दिला आणि पुढे एका मुंजीत तो, त्याच कागदात, आमच्याकडे परत आला. त्यातून आजवर कुणीही सरबत प्यायलेलं नाही. पेडलांचं त्यापेक्षा बरं चाललं आहे. ती निदान वाजवून झाल्यावर पुढे जातात. ज्यांना आपण बंडखोर, पाश्चात्त्य, वाया गेलेले वगैरे म्हणत होतो, त्या पोरांनी आहेराची आपली रीत इतक्या निष्ठेने सांभाळलेली पाहून ताईसुद्धा निवळली. मात्र नवा डिले काय करतो हे कळल्यावर पुन्हा बिघडली. त्यातून प्रत्येक 'ट्यँव' आता चार वेळा ऐकू येतो.

तेव्हा तुमच्या घरात कुणी गिटारवाला असेल आणि त्याचं लग्न, वाढदिवस, काहीही निघालं, तर कुठलं पेडल घ्यावं या विचारात झोप घालवू नका. कुठलंही घ्या, ते त्याच्याकडे राहणार नाही. फक्त देताना बिल, वॉरंटीचं कार्ड आणि खोकं जपून ठेवायला बजावा. खोक्यासकट पेडलला भाव चांगला येतो. आणि अ‍ॅडॉप्टर सहसा पेडलबरोबर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. सेंटर निगेटिव्ह मागा.